शाळेचे पुस्तक स्वस्त का, आणि ते आपल्या कामाचे कसे?

मालाच्या किमतीत कागद, छपाई, वाहतूक आणि दुकानदाराचे कमिशन धरावे लागते, हे व्यापारी बांधवांना सांगायला नको. मग शाळेचे रंगीत पुस्तक बाजारातील तशाच पुस्तकापेक्षा स्वस्त कसे? याचे उत्तर 'बालभारती'च्या कारभारात आहे.

महाराष्ट्र राज्य पाठ्यपुस्तक निर्मिती व अभ्यासक्रम संशोधन मंडळ, म्हणजेच बालभारती, २७ जानेवारी १९६७ रोजी पुण्यात स्थापन झाले. मजकूर तज्ज्ञांच्या समित्या तयार करतात. मंडळ कागद घाऊक घेते आणि छपाईचे काम निविदा काढून छापखान्यांना देते. प्रती लाखांच्या हिशेबात निघत असल्याने एका प्रतीवरचा खर्च कमी पडतो. नफा हा हेतू नसल्याने हा फायदा थेट पालकाच्या पदरात पडतो. शिवाय छापखाने, बाइंडर आणि पुस्तकविक्रेते यांनाही हंगामाचे काम मिळते.

याहून मोठी गोष्ट भाषेची आहे. मालेगाव, भिवंडीसारख्या यंत्रमागाच्या गावांत पुष्कळ मुले उर्दू माध्यमात शिकतात. त्यांच्यासाठी गणित, विज्ञानाची पुस्तके कमी प्रतींत काढणे खासगी प्रकाशकाला परवडणे कठीण. बालभारती मात्र ही पुस्तके मराठीप्रमाणे उर्दूतही काढते. त्यामुळे विणकराचा मुलगा अभ्यासक्रमात मागे राहत नाही.

उर्दू शाळांतील मुलांना मराठी शिकवण्यासाठी मंडळाची 'सुलभभारती' ही पुस्तके आहेत. त्यांच्याकडे दुर्लक्ष करू नये. नगरपालिकेची नोटीस, कर्जाचा कागद, भाडेकरार मराठीत येतो. तो न वाचता अंगठा किंवा सही केली, तर नुकसान आपलेच.

पालकांनी दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. सरकारी, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या व अनुदानित शाळांत पहिली ते आठवीची पाठ्यपुस्तके मोफत मिळतात. ती शाळेकडून मागून घ्यावीत. पुढील इयत्तांची पुस्तके विकत घ्यावी लागतात, पण बालभारतीच्या संकेतस्थळावर ती मोफत उतरवून घेता येतात. मोबाइल तर आता घरोघरी आहे.

अर्थात स्वस्त पुस्तक म्हणजे शिक्षण नव्हे. मुलाला बारा-तेराव्या वर्षीच मागावर किंवा गॅरेजात बसवले, तर मोफत पुस्तकही फळीवर पडून राहते. आज त्याच्या मजुरीचे चार पैसे दिसतात. उद्या बिल, करार आणि हिशेबासाठी तो दुसऱ्याचे तोंड पाहतो, ते दिसत नाही.

कारखानदार बांधवांनी एवढे जरूर करावे: पहिली ते चौथीच्या पुस्तकांचा एक संच कारखान्यात ठेवावा आणि ज्या कारागिरांची शाळा लहानपणीच सुटली, त्यांना रोज अर्धा तास वाचायला बसवावे. खर्च थोडा आहे. ज्याला मापे आणि ऑर्डर स्वतः वाचता येते, त्याच्या हातून माल वाया कमी जातो.