शिलाहारांची गलबते

अंबरनाथचे शिवालय शके ९८२ मध्ये, म्हणजे इ. स. १०६० साली, शिलाहार राजा मुम्मुणी याच्या कारकिर्दीत पुरे झाले. उल्हासनगर-बदलापूरहून येणाऱ्या माझ्या विद्यार्थ्यांना ते देऊळ पाहून ठाऊक असते. पण ते उभारणारे राजे आरमार बाळगून होते, हे सांगितले की वर्ग एकदम जागा होतो!

या घराण्याचा अखेरचा राजा सोमेश्वर तेराव्या शतकात महादेव यादवाशी लढताना समुद्रात बुडाला. महादेवाच्या क्रोधापेक्षा त्याला वडवानल बरा वाटला, अशी कोटी हेमाद्रीने केली आहे. बोरिवलीजवळ एकसरच्या वीरगळांवर गलबतांची झुंज कोरलेली आहे. ती हीच, असे काही अभ्यासक मानतात.

मग अशी बुडालेली गलबते शोधायची कुणी? मी पडलो मराठीचा मास्तर. माझी बुडी पोथ्यांपुरती! पण खरोखरीचे पाणबुडे असलेले संशोधक आपल्याकडे आहेत. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत डॉ. एस. आर. राव यांनी १९८१ मध्ये हे काम सुरू केले. गोव्याजवळच्या सुंची खडकापाशी सतराव्या शतकातील पोर्तुगीज जहाजाचे अवशेष मिळाले. त्यांत हस्तिदंत, पाणघोड्याचे दात आणि चिनी मातीची भांडी होती. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने २००१ साली स्वतंत्र विभाग काढला. २०२५ च्या फेब्रुवारीत डॉ. आलोक त्रिपाठी यांच्या पथकाने द्वारकेच्या समुद्रात पुन्हा शोध घेतला. त्या पाच जणांत तीन स्त्रिया होत्या.

तुम्ही म्हणाल, सापडले की वर का काढत नाहीत? तर वाचकहो, लोखंडात समुद्राचे मीठ मुरलेले असते. तशी तोफ वर आणून नुसती वाळू दिली, तर पापुद्रे सुटून तिचा भुगा होतो. ती महिनोन्‌महिने गोड्या पाण्यात ठेवून मीठ काढावे लागते. म्हणून मोजमापे व छायाचित्रे घेऊन वस्तू शक्यतो जागीच राखावी, असे युनेस्कोचा २००१ चा करारही सांगतो. शतकानुशतके पाण्याने सांभाळलेले माणसाच्या उतावळेपणाने एका दिवसात जाते.

आपल्या देवळाशेजारून वालधुनी वाहते. २०१४ च्या नोव्हेंबरअखेरीस उल्हासनगरात तिच्यात विषारी रसायन सोडले गेले आणि शेकडो रहिवाशांना इस्पितळात न्यावे लागले. सोमेश्वराच्या गलबतांसाठी पाणबुडे लागतील. मुम्मुणीच्या देवळाजवळची ही नदी राखायला मात्र पाण्यात उतरण्याचीही गरज नाही. काठावरच्या माणसांनी डोळे उघडे ठेवून वेळीच हाक दिली, तरी पुष्कळ झाले.