शोकांतील पुनरुक्ति

शाळेंत असतांना एका चुणचुणीत विद्यार्थ्यानें आम्हांस विचारलें होतें, "गुरुजी, निबंधांत एकच वाक्य दोनदां आलें कीं आपण गुण कापतां, मग गोविंदाग्रजांस पूर्ण गुण कसे?" वर्गांत 'राजहंस माझा निजला' ही कविता चालली होती. आम्हीं ताल, ध्रुवपद वगैरे सांगून वेळ मारून नेली. खरें उत्तर पुढें घरींच मिळालें.

गोविंदाग्रज म्हणजे राम गणेश गडकरी (१८८५-१९१९). या कवितेंतील मातेचें मूल गेलें आहे. ती मात्र तें निजलें आहे असें धरून भोवतालच्या मंडळींस गलबला करूं देत नाहीं. ध्रुवपद पुन्हां पुन्हां येतें. प्रथम तें सांगणें वाटतें, मग विनवणी, आणि शेवटीं तर त्या माउलीचा एकमेव आधार. 'हंस' शब्दाचा जीवात्मा असाहि अर्थ आहे, हें ध्यानीं येतांच वाचकाचें मन चरकतें.

कालिदासाचा अज रघुवंशाच्या आठव्या सर्गांत इंदुमतीसाठीं विलाप करतो. तेथें वियोगिनी वृत्ताची चाल तीच राहते, पण श्लोकागणिक कल्पना नवी येते. या मातेस नवें कांहीं सुचतच नाहीं. एकदां आलेलें पद निष्कारण पुन्हां योजणें यास साहित्यशास्त्रांत 'कथितपद' दोष म्हणतात. परंतु साहित्यदर्पणकार विश्वनाथ विषाद, विस्मय, दैन्य अशा स्थळीं त्यासच गुण मानतो.

हें आम्हांस मुखोद्गत होतें, उमगलें नव्हतें. मागें शिरोळास आमच्या घरीं थोरल्या वहिनींचा कर्ता मुलगा अकस्मात् गेला. भेटीस येणाऱ्या प्रत्येकास त्या म्हणत, "सकाळीं चहा घेऊन गेला हो!" सुना संकोचून म्हणत, "आई, पुरे आतां." आम्हींहि एकदां त्यांस टोकलें, याची आजहि लाज वाटते. पहिल्या दिवशीं त्या वाक्यांत अविश्वास होता, तिसऱ्या दिवशीं देवाकडे तक्रार. दहाव्या दिवशीं मंडळी नरसोबावाडीच्या संगमावरून परतली, तेव्हां वहिनी तेंच वाक्य बोलल्या, पण हळू आवाजांत. आणि प्रथमच त्यांच्या डोळ्यांस पाणी आलें.

त्या विद्यार्थ्यास आज आम्ही एवढेंच सांगूं : बाळ, शब्द तेच असले तरी प्रत्येक वेळीं दुःखाची पायरी निराळी असते. आणि वाचकहो, घरांत शोकाकुल माणूस तेंच तें बोलूं लागलें, तर त्यास थांबवूं नये. जवळ बसून पुन्हां ऐकावें.