चित्रातले घर कोणाचे? : सुट्टीपूर्वीच्या पुस्तकनिवडीविषयी

आषाढी पौर्णिमेपासून अश्विनी पौर्णिमेपर्यंत, वर्षावासाच्या काळात, आमच्या वस्तीतल्या विहारात 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथाचे वाचन चालते. मोठी माणसे आत ऐकत बसतात आणि मुले बाहेर ओट्यावर दंगा करतात. त्यांना गप्प बसवण्याचे काम काही वर्षांपूर्वी माझ्याकडे आले. मी महाविद्यालयात शिकवतो, तेव्हा हे मला जमेल अशी वडीलधाऱ्यांची समजूत. मुले गप्प बसली नाहीतच, पण त्या निमित्ताने त्यांच्या हाती चित्रपुस्तके आली आणि कोणती पुस्तके निवडायची हा प्रश्न माझ्यासमोर उभा राहिला. आपल्या चळवळीतले अनेक कार्यकर्ते आणि शिक्षक मुलांसाठी असे काही करू पाहतात. त्यांच्यासमोरही हाच प्रश्न असणार, म्हणून हे लिहितो आहे.

आमच्या या वाचनाला मुदत असते. दसरा, १४ ऑक्टोबरचा धम्मचक्र प्रवर्तन दिन आणि दिवाळीची सुट्टी हे सारे एकामागोमाग येते, आणि त्याच सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. मुकादमाची उचल घेतलेली जोडपी ट्रॅक्टरवर संसार चढवतात. ज्यांना मागे सांभाळायला कोणी नाही, ती मुलेही सोबत जातात. इतरांची सुट्टी तीन आठवड्यांत संपते. या मुलांची चैत्र-वैशाखापर्यंत संपत नाही. म्हणून सुट्टीपूर्वीच्या त्या थोड्या संध्याकाळी कोणती पाच-सहा पुस्तके वाचावीत, याला आमच्याकडे हौसेपेक्षा अधिक अर्थ आहे.

माझ्या घरात पदवीपर्यंत पोहोचलेला मी पहिला. आई-वडील कोयत्यावर जात आणि मी आजीजवळ राही. चौथीत असताना 'माझी दिवाळी' या विषयावर निबंध लिहायला सांगितला होता. आमच्या घरात दिवाळीला आई-बापच नसत, मग लिहायचे काय? वर्गातल्या एका गोष्टीच्या पुस्तकात दिवाळीचे रंगीत चित्र होते. ते समोर ठेवून मी अंगणातला किल्ला, उटण्याची अंघोळ, आईने केलेले अनारसे आणि वडिलांनी आणलेला नवा सदरा लिहून काढला. गुरुजींनी तो निबंध वर्गात वाचून दाखवला. मी आनंदाने घरी येऊन आजीला ऐकवला. तिने शेवटपर्यंत ऐकला आणि विचारले, "हे कुणाच्या घरचं लिवलंस रं?"

त्या पुस्तकाचा काही दोष होता असे आज मला वाटत नाही. कुणाच्या तरी घरची ती खरी दिवाळी होती. पण आजी, ओस पडलेली गल्ली आणि फडावरून येणाऱ्या निरोपाची वाट हेदेखील लिहिण्याजोगे आहे, असे सांगणारे दुसरे एकही पुस्तक माझ्यासमोर नव्हते. त्यामुळे मी नऊ वर्षांचा असताना खोटे लिहायला शिकलो आणि त्याबद्दल मला शाबासकी मिळाली.

चित्रपुस्तकाचे सामर्थ्य ध्यानात घेतले तर हे असे का होते ते कळते. चित्रपुस्तकात गोष्ट निम्मी शब्दांत आणि निम्मी चित्रात असते. अक्षर न येणारे मूलही चित्र वाचते, आणि मोठ्यांपेक्षा बारकाईने वाचते. मजकुरात 'एक मुलगा होता' इतकेच असते. पण त्याच्या पायात बूट आहेत की नाहीत, घराला गच्ची आहे की पत्रा, भिंतीवर कोणाची तसबीर आहे, पाणी नळाचे की हापशाचे, हे सारे चित्र सांगून टाकते. लेखकाने न लिहिलेली जात आणि वर्ग चित्रकार रेखाटत असतो. पानाच्या मध्यभागी कोण आणि कडेला झाडू घेऊन कोण, हे मूल नकळत शिकते. म्हणून निवड करताना आधी मजकूर झाकून नुसती चित्रे पाहावीत, ही माझी पहिली सूचना.

हा प्रश्न आपल्या एकट्याचा नाही. अमेरिकेतल्या काळ्या लोकांनी तो आपल्या आधी विचारला. ज्या डब्ल्यू. ई. बी. ड्यु बॉइस यांना बाबासाहेबांनी १९४६ मध्ये पत्र लिहिले होते, त्यांनी काळ्या मुलांसाठी 'द ब्राउनीज बुक' नावाचे मासिक काढले होते. ते जानेवारी १९२० ते डिसेंबर १९२१ असे दोन वर्षेच चालले. पुढे १९६५ मध्ये नॅन्सी लॅरिक या अभ्यासिकेने मुलांच्या पुस्तकांची मोजणी प्रसिद्ध केली. तीन वर्षांत निघालेल्या ५,२०६ पुस्तकांपैकी फक्त ३४९ पुस्तकांत, म्हणजे शंभरात सातांपेक्षाही कमी पुस्तकांत, एखादे तरी काळे माणूस होते. १९९० मध्ये रुडीन सिम्स बिशप या काळ्या विदुषीने याच विचाराला नेमके रूप दिले. पुस्तक हे मुलासाठी कधी आरसा असते तर कधी खिडकी, असे त्यांचे प्रतिपादन आहे. ज्याला सगळीकडे आरसेच मिळतात त्याला आपणच जग आहोत असे वाटू लागते. ज्याला एकही आरसा मिळत नाही त्याला आपण कुठेच नाही असे वाटते. मराठी पुस्तकांची अशी मोजणी आपल्या एखाद्या विद्यार्थ्याने हाती घ्यावी, असे मला फार वाटते.

म्हणून मी खिडकीची पुस्तके टाकून देत नाही. माधुरी पुरंदरे यांचे 'राधाचं घर' मी वाचतो, कारण लहान मुलाचे रोजचे घर इतक्या जवळून पाहणारी पुस्तके मराठीत थोडी आहेत. ते वाचून झाल्यावर मुलांना आपापल्या घराविषयी बोलावेसे वाटते. पण आरसा शोधताना मात्र डोळ्यांत तेल घालून पाहावे लागते, कारण आरशाच्या नावाखाली दया विकणारी पुस्तके पुष्कळ आहेत. गरीब मुलगा, दयाळू बाई, शेवटी मिळालेली वही-पेन्सिल! अशा गोष्टीत आपले मूल फक्त घेण्याचे काम करते. त्या गोष्टीत काम कोण करते, निर्णय कोण घेते आणि प्रश्न कोण विचारते, हे पाहावे. महाश्वेता देवींच्या 'द व्हाय-व्हाय गर्ल' या पुस्तकातली शबर मुलगी मोयना बाबूंच्या शेळ्या राखते, पण त्यांच्या घरचे उष्टे मी का खाऊ, असा रोकडा सवाल करते. आमच्या ओट्यावर या पानाशी दरवेळी गलका होतो, कारण शिळे वाढून घेण्याचा अनुभव या मुलांच्या घरात अजून जुना झालेला नाही.

झाई व्हिटेकर यांचे 'काली अँड द रॅट स्नेक' हे पुस्तकही असेच जवळचे. काली हा इरुळा जमातीचा मुलगा, त्याचे वडील साप पकडणारे. शाळेत डबा उघडताना त्याच्याजवळ तळलेली वाळवी असते आणि इतर मुले नाक मुरडतात. आपल्यातल्या किती जणांनी डब्याचे झाकण अर्धेच उघडून जेवण केले आहे! पुढे वर्गात धामण निघते, सगळे घाबरतात, काली ती पकडतो आणि सर्वांचा लाडका होतो. पुस्तक सुंदर आहे. तरीही मी वाचून झाल्यावर मुलांना विचारतो, साप निघालाच नसता तर? त्याच्या डब्याला मान मिळण्यासाठी त्याने पराक्रमच करायला हवा होता का? सातवीतला एक मुलगा म्हणाला, "सर, मग आपण रोज साप आणायचा का?" चांगल्या पुस्तकालाही उलट प्रश्न विचारता येतो, हे मुलांना कळले तर ते वाचन फुकट गेले नाही असे मी समजतो.

दसरा-दिवाळीच्या तोंडावर सणांची पुस्तके बाजारात येतात. ती मुलांपासून लपवण्यात अर्थ नाही. शाळेत, रस्त्यावर, पडद्यावर तीच चित्रे आहेत. त्यापेक्षा ती उघडून चित्र नीट पाहावे. वामन बळीच्या डोक्यावर पाय ठेवतो, त्या चित्रात बळीने काय केले म्हणून त्याला ही शिक्षा? त्याने तर मागितलेले दिले. मग आजीला विचारून यायला सांगावे की ती भाऊबीजेला ओवाळताना कोणाचे राज्य येवो म्हणते. वामनाचे राज्य यावे असे आपल्याकडे एकही म्हातारी म्हणत नाही. महात्मा फुल्यांनी १८७३ च्या 'गुलामगिरी'त बळीराजाच्या कथेचा जो अर्थ लावला, तो सात वर्षांच्या मुलालाही या एका प्रश्नातून उमगू लागतो. व्याख्यान द्यावे लागत नाही.

जातककथांची चित्रपुस्तके बौद्ध घरांत आवडीने घेतली जातात. त्यांत माकड, मगर, हरिण भरपूर असतात. परंतु जातकांत मातंग जातकही आहे. त्यात बोधिसत्त्व चांडाळ कुळात जन्मला आहे. त्याच्यावर दृष्टी पडली म्हणून श्रेष्ठीची मुलगी डोळे धुते आणि तिची माणसे त्याला मारतात. मुलांसाठीच्या ज्या निवडी माझ्या हाती आल्या, त्यांत ही कथा मला आढळली नाही. माकडांच्या गोष्टी जरूर वाचाव्यात. पण कोणत्या गोष्टी गाळल्या हेही पाहावे. मातंगाची कथा मी तोंडी सांगतो आणि चित्रे मुलेच काढतात.

आता बाबासाहेबांवरील पुस्तके. 'अमर चित्रकथा' मालिकेत त्यांचे चरित्र १९७९ मध्ये आले आणि अनेक घरांत तेच पहिले चित्रपुस्तक ठरले. २०११ मध्ये आलेले 'भीमायन' मोठ्या मुलांसाठी उत्तम आहे. दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम या परधान गोंड चित्रकारांनी ते चितारले असून, बाबासाहेबांच्या स्वतःच्या आठवणी त्याचा आधार आहेत. त्यात प्रेमळ बोलणे पक्ष्याच्या आकाराच्या फुग्यात येते आणि विषारी बोलण्याच्या फुग्याला विंचवाची नांगी असते. माझ्याजवळ इंग्रजी प्रत आहे. मी चित्रे दाखवत मराठीत सांगतो. दोन संध्याकाळींत मुले शब्दांकडे न पाहता कोणाचे बोलणे कसले ते ओळखू लागली. एक मुलगी घरी जाऊन म्हणाली, "किराणावाल्याच्या बोलण्याला नांगी आहे."

या पुस्तकांबाबत एकच धोका सांगतो. निळा कोट, हातात ग्रंथ आणि डोक्यामागे तेजोवलय, एवढेच चित्र असेल तर बाबासाहेब आणखी एक देव होतात. मुलाला मसूरच्या स्टेशनवर उतरून वडिलांच्या निरोप्याची वाट पाहणारा, रात्रभर पाण्यावाचून बैलगाडीत बसलेला भीमा भेटला पाहिजे. तहान प्रत्येक मुलाला कळते. ज्याला ती तहान कळली, त्याला २० मार्च १९२७ चे चवदार तळे वेगळे शिकवावे लागत नाही.

वाचण्याच्या पद्धतीविषयी थोडे. मुले अर्धवर्तुळात बसवून पुस्तक त्यांच्याकडे तोंड करून धरावे. पहिल्यांदा नुसती चित्रे दाखवून मुलांनाच गोष्ट सांगू द्यावी. दुसऱ्यांदा मजकूर वाचावा. तिसऱ्यांदा एखाद्या मुलाने वाचावा. दहा पुस्तके एकेकदा वाचण्यापेक्षा तीन पुस्तके तीनदा वाचलेली बरी. छापील वाक्य प्रमाण भाषेत असेल तर ते तसेच वाचावे, पण मूल आपल्या बोलीत सांगू लागले की दुरुस्त करू नये. 'तात्पर्य काय' हा प्रश्न मुळीच विचारू नये. पैशांची अडचण सर्वांनाच आहे. नॅशनल बुक ट्रस्टच्या नेहरू बाल पुस्तकालयाची पुस्तके स्वस्त आहेत, बालभारतीचे १९७१ पासून चालू असलेले 'किशोर' आहे, आणि प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हरवर २०१५ पासून मराठीसह अनेक भाषांतली चित्रपुस्तके विनामूल्य मिळतात. ती छापूनही घेता येतात. दीक्षाभूमीला आणि ६ डिसेंबरला चैत्यभूमीला आपण पिशव्या भरून ग्रंथ आणतो. त्या पिशवीत एक पुस्तक पाच वर्षांच्या मुलासाठी असावे, एवढा नेम प्रत्येकाने केला तरी पुष्कळ होईल.

आणि जी पुस्तके कुठेच मिळत नाहीत, ती करावी लागतात. मोठा कागद दोनदा दुमडून कडा कापल्या की चार पाने, म्हणजे आठ पृष्ठांचे पुस्तक होते. मधोमध दोऱ्याने शिवावे. गेल्या वर्षी सुट्टीआधीच्या शेवटच्या संध्याकाळी आम्ही अशी पुस्तके केली. चौथीतल्या एका मुलीने ट्रॅक्टर काढला. त्यावर भांडी, कोंबड्यांची डालगी, सरपण, शेळी आणि सगळ्यांत वर ती स्वतः. खाली मजकूर एकच ओळ : 'आम्ही दिवाळीला इथे असतो.' मी ती ओळ बराच वेळ पाहत होतो. मला नवव्या वर्षी जे लिहिता आले नाही ते तिने लिहिले होते.

दोन दिवसांनी ती कोयत्याबरोबर गेली. जाताना विहारातले एक छापील पुस्तक तिने मागून नेले आणि आपले शिवलेले पुस्तक आमच्या पेटीत ठेवले. ते आता इतर मुले वाचतात. ती परत आली तेव्हा छापील पुस्तकाला चिपाडाचा आणि धुराचा वास येत होता, दोन पाने सुटली होती. पण फडावरच्या कोपीत ते कोणाकोणाला वाचून दाखवले, त्यांची नावे तिने शेवटच्या कोऱ्या पानावर लिहून आणली होती. अकरा नावे होती.