बोलविता धनी कोण?

जनसंपर्काचा व्यवसाय म्हणजे मेहनताना घेऊन केलेला खोटारडेपणा, हा समज आपल्याकडे सुशिक्षितांतही इतका रूढ आहे की, या व्यवसायाला नीतिनियमांची संहिता असते असे सांगितले तर ऐकणारा आधी हसतो. हा समज सर्वस्वी निराधार आहे असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. मात्र तो रोगाचे निदान भलत्याच ठिकाणी करतो. या व्यवसायाची गाजलेली प्रकरणे तपासून पाहिली, तर उघड असत्यापेक्षा, बोलणारा कोणाच्या वतीने बोलतो आहे हे झाकून ठेवण्याचाच दोष त्यांत वारंवार आढळतो.

1929 सालच्या ईस्टरच्या दिवशी न्यूयॉर्कच्या रस्त्यावर काही तरुणी सिगारेटी ओढीत मिरवणुकीतून चालल्या आणि वृत्तपत्रांनी ती स्त्रीस्वातंत्र्याची निशाणी म्हणून छापली. तरुणी खऱ्या होत्या, सिगारेटीही खऱ्या होत्या. झाकलेले होते ते एवढेच की, हा सारा घाट एडवर्ड बर्नेज यांनी अमेरिकन टोबॅको कंपनीच्या पैशावर घातला होता. पुढे 1990 च्या ऑक्टोबरात, इराकी सैनिकांनी इस्पितळातील अर्भकांना उबपेट्यांतून काढून मरणाच्या स्वाधीन केले, अशी साक्ष एका पंधरा वर्षांच्या कुवेती मुलीने अमेरिकन लोकप्रतिनिधींच्या एका गटापुढे डोळ्यांत पाणी आणून दिली. ती वॉशिंग्टनमधील कुवेती राजदूताची कन्या आहे, आणि त्या साक्षीची व्यवस्था हिल अँड नोल्टन या संस्थेने केली आहे, हे जगाला कळले ते 1992 च्या जानेवारीत, म्हणजे आखाती युद्ध होऊन गेल्यावर. साक्षीतील त्या कथेला पुढील चौकशीत विश्वासार्ह आधार मिळाला नाही, ही गोष्ट निराळी. परंतु मुलीचे नाते पहिल्याच दिवशी सांगितले गेले असते, तर ऐकणाऱ्यांनी चौकशी आधी केली असती.

गंमत अशी की, हा दोष व्यवसायाच्या जन्मदात्यांना अज्ञात नव्हता. आयव्ही ली यांनी 1906 सालीच, आपण कोणासाठी काम करतो हे उघड सांगून काम करू, असे वृत्तपत्रांना जाहीर केले होते. आणि त्याच ली यांना 1934 साली आय. जी. फार्बेन या जर्मन रसायन कंपनीकडून घेतलेल्या मोबदल्याविषयी अमेरिकन काँग्रेसच्या समितीपुढे खुलासा करावा लागला. परकीयांसाठी प्रचार करणाऱ्यांनी सरकारदरबारी नोंद करावी, असा कायदा 1938 साली झाला, त्याच्या मुळाशी त्याच समितीचे काम होते.

दुसरा समज असा की, व्यवसायाच्या संहिता भिंतीवर टांगण्यापुरत्याच असतात. जनसंपर्क व्यावसायिकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने 1965 साली अथेन्स येथे स्वीकारलेली संहिता मानवी हक्कांच्या 1948 च्या जाहीरनाम्यावर उभारलेली आहे, आणि 1958 साली स्थापन झालेल्या भारतीय संस्थेने 1968 च्या दिल्ली परिषदेत तीच मान्य केली, हे सांगूनही ऐकणाऱ्याची शंका फिटत नाही, आणि फिटू नये हेही ठीकच. म्हणून लंडनच्या बेल पॉटिंजर या बड्या संस्थेचे उदाहरण पाहू. मूळच्या सहारनपूरच्या गुप्ता बंधूंच्या ओकबे या कंपनीने 2016 पासून दरमहा एक लाख पौंडांच्या मोबदल्यावर तिची योजना केली. आणि दक्षिण आफ्रिकेत गुप्तांवर भ्रष्टाचाराचे आरोप होत असताना, 'गोरी मक्तेदार भांडवलशाही' हाच देशाचा खरा शत्रू आहे, असा सूर सार्वजनिक चर्चेत चढत गेला. तेथील तेव्हाचा विरोधी पक्ष डेमोक्रॅटिक अलायन्सने या प्रचाराबद्दल बेल पॉटिंजरविरुद्ध तक्रार नेली ती न्यायालयात नव्हे, तर ब्रिटनमधील व्यावसायिक संघटनेकडे. आणि त्या संघटनेने 4 सप्टेंबर 2017 रोजी या संस्थेला किमान पाच वर्षांसाठी बडतर्फ केले. आठ दिवसांतच, अशिले एकामागून एक निघून गेल्यावर, संस्थेचा कारभार दिवाळखोरीच्या प्रशासकांच्या हाती गेला.

येथे उलट टोकाचा भ्रमही होऊ नये. वकिलाची सनद काढून घेतली तर त्याला न्यायालयात उभे राहता येत नाही. जनसंपर्क व्यावसायिकाला मात्र बहुतेक ठिकाणी सनदच लागत नाही, आणि संघटनेचा सभासद नसलेल्यावर तिचा हुकूम चालत नाही. बेल पॉटिंजरला बुडविले ते बडतर्फीच्या कलमाने नव्हे, तर त्या नावाशी संबंध सांगण्याची अशिलांना वाटू लागलेली लाज हीच तिच्या मुळावर आली. संहितेने केले ते इतकेच की, त्या लाजेला एक अधिकृत निर्णय आणि एक तारीख मिळवून दिली.

राहता राहिला संशोधनाविषयीचा समज. कात्रणे जमवावीत, त्यांची लांबी मोजावी, तेवढ्याच जागेत जाहिरात दिली असती तर किती खर्च आला असता याचा हिशेब करावा आणि तो आकडा अशिलापुढे फायदा म्हणून मांडावा, हेच संशोधन असे पुष्कळ दफ्तरांतून अजूनही मानले जाते. जगभरच्या मापन-तज्ज्ञांनी 2010 साली बार्सिलोना येथे एकत्र येऊन, हा आकडा म्हणजे जनसंपर्काचे मूल्य नव्हे असे स्पष्ट ठरविले, आणि किती छापून आले यापेक्षा लोकांच्या ज्ञानात, मतात वा वर्तनात काय पालट झाला हे मोजावे, असे सांगितले. हा वाद केवळ हिशेबनिसांचा आहे असे ज्याला वाटेल, त्याने दक्षिण आफ्रिकेचे प्रकरण पुन्हा या मापाने मोजून पाहावे. 'गोरी मक्तेदार भांडवलशाही' हा शब्दप्रयोग काही बेल पॉटिंजरने जन्माला घातला नव्हता. पण तो सभांतून, वृत्तपत्रांतून आणि समाजमाध्यमांतून जसजसा घुमत गेला, तसतशी कात्रणांची लांबी वाढतच होती, आणि फूटपट्टी हाती असलेल्या कारकुनाने त्या महिन्याच्या अहवालात कामगिरी उत्तम असाच शेरा मारला असता.