मुक्या रोग्याचा वैद्य

कणकवली तालुक्यांतील तळेरे हें तिठ्यावरचें गांव. मुंबई-गोवा महामार्ग तेथून जातो. एक रस्ता विजयदुर्गाकडे उतरतो आणि दुसरा वैभववाडीवरून, करूळचा घाट चढून, कोल्हापुराकडे जातो. अशा गांवीं राहणाऱ्या, किंवा सुटीसाठीं शहरांतून आपलें कुत्रें-मांजर घेऊन येणाऱ्या कुटुंबास पशुवैद्याकडे जाण्याचा प्रसंग आला, तर तेथें काय अपेक्षावें, हें आज सांगावयाचें आहे.

आपल्याकडे या वैद्यास अजून ‘गुरांचा डॉक्टर’ म्हणतात. त्यांत चूक कांहीं नाहीं. मुंबईस परळ येथें १८८६ सालीं पशुवैद्यक महाविद्यालय निघालें. तथापि खेड्यापाड्यांतील सरकारी दवाखान्यांचें मुख्य काम गाई, म्हशी आणि बैल यांचेंच राहिलें. म्हणून तेथें कुत्र्यासाठीं रक्त तपासण्याचीं किंवा छायाचित्र काढण्याचीं यंत्रें नसलीं, तर रागावूं नये. एक गोष्ट मात्र अवश्य पाहावी. १९८४ च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्याप्रमाणें नोंदणी झालेल्या पदवीधरासच हा व्यवसाय करतां येतो. नोंदणी आहे कीं नाहीं, हें विचारण्यांत त्या गृहस्थाचा अपमान होत नाहीं. खरा वैद्य तें आनंदानें सांगेल.

पहिल्या भेटींत चांगला वैद्य जनावराचें वजन घेईल, कारण औषधाचें प्रमाण वजनावर ठरतें. तो हिरड्यांचा रंग पाहील, पोट चाचपील, आणि ताप गुदद्वारांतून मोजील. नाक कोरडें म्हणजे ताप, ही समजूत खोटी आहे. निरोगी कुत्र्याचें उष्णतामान १०१ ते १०२.५ अंश असतें. माणसाच्या मापानें पाहणारा मालक उगाच घाबरतो.

परंतु खरी मेख पुढें आहे. या वैद्याचा रोगी बोलत नाहीं. कधीं जेवलें, कितीदां ओकलें, लघवी कशी होती, अंगणांत उंदरांचें विष टाकलें होतें काय, हें सर्व घरच्यांनींच सांगावयाचें असतें. पुष्कळदां कुत्र्याला घेऊन येतो तो घरचा गडी, आणि माहिती असते ती घरांतल्या बाईंना! मग वैद्यानें निदान तरी कशाच्या आधारावर करावें? ज्यानें पाहिलें त्यानें यावें, नपेक्षां कागदावर लिहून पाठवावें. शेजाऱ्याच्या सल्ल्यानें एखादें औषध दिलें असेल, तर तेंहि लपवूं नये. माणसाच्या तापावरचें पॅरासिटॅमॉल मांजरास प्राणघातक ठरतें. कुठली गोळी, किती आणि केव्हां, हें कळलें तरच वैद्याला कांहीं करतां येतें.

कोंकणांत जांभ्या दगडाच्या गडग्यांतून फुरसें फार. हुंगायला गेलेल्या कुत्र्याला तें बहुधा तोंडावर चावतें. अशा वेळीं दंश बांधणें, कापणें, हे उपाय करूं नयेत; वेळ लक्षांत ठेवून, कुत्र्याला चालूं न देतां, उचलून दवाखान्यांत न्यावें. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसें या चारहि सर्पांच्या विषावर चालणारी लस जनावरालाहि देतां येते. मात्र ती जवळ आहे काय, हें निघण्यापूर्वीं दूरध्वनीवरून विचारावें.

लशीचा विषय निघाला म्हणून सांगतों. रोगप्रतिबंधक लस २ ते ८ अंश उष्णतामानांत ठेवावी लागते, आणि पावसाळ्यांत आपल्याकडे वीज किती वेळ टिकते हें श्रोत्यांस ठाऊकच आहे. वीज गेल्यावर लस कशांत ठेवतां, असें वैद्यास खुशाल विचारावें. औषधाच्या दुकानांतून ती स्वतः आणावयाची असेल, तर बर्फाच्या डब्यांतून आणावी. खिशांत घालून आणलेली लस टोंचली काय आणि न टोंचली काय, सारखेंच. भाताच्या खाचरांतून हिंडणाऱ्या कुत्र्यासाठीं लेप्टोस्पायरोसिसची लसहि मागावी. उंदरांच्या मुतांतून पसरणारा हा रोग कुत्र्याच्या मुतावाटें घरच्या माणसांस होऊं शकतो.

शस्त्रक्रिया ठरली, तर आदल्या रात्रीपासून अन्न बंद ठेवण्यास सांगतील, आणि संमतीपत्रावर सही मागतील. सही करण्यापूर्वीं खर्चाचा अंदाज आणि भूल देण्यांतील धोका विचारून घ्यावा. काम आपल्या आवांक्याबाहेरचें असेल, तर प्रामाणिक वैद्य तसें सांगून कोल्हापूर, गोवें किंवा मुंबईचा रस्ता दाखवील. तो नालायक म्हणून नव्हे. घाट चढण्यापूर्वीं त्याच्याकडून उपचारांची टीप मात्र लिहून घ्यावी.

आतां सर्वांत गंभीर बाब. पिसाळण्याचा रोग एकदां दिसूं लागल्यावर माणूस काय किंवा कुत्रें काय, वांचणें जवळजवळ अशक्य असतें. पिल्लास तिसऱ्या महिन्यांत लस टोंचून पुढें वैद्य सांगेल त्याप्रमाणें, बहुधा दरसाल, ती घ्यावयाची. शेजारच्या गोव्यानें कुत्र्यांना मोठ्या प्रमाणावर लस टोंचली, आणि २०२१ सालीं तें राज्य ‘रेबीज-नियंत्रित’ म्हणून जाहीर झालें. लस न टोंचतां मागच्या तारखेचा दाखला मागणारे महाभाग आढळतात. त्यांना नकार देणाऱ्या वैद्यास उद्धट समजूं नये.

आपलें कुत्रें कोणास चावलेंच, तर जखम साबण आणि वाहत्या पाण्यानें पंधरा मिनिटें धुवावी, आणि त्या माणसास त्याच दिवशीं माणसांच्या दवाखान्यांत पाठवावें. पशुवैद्य त्याला टोंचणार नाहीं. कुत्र्याला मारूं नये, सोडूं नये. दहा दिवस बांधून त्यावर नजर ठेवावी लागते. तेवढ्या अवधींत तें मेलें, नाहींसें झालें किंवा त्याचें वागणें पालटलें, तर त्याच घटकेला वैद्यास आणि चावलेल्या माणसाच्या डॉक्टरास, दोघांसहि, कळवावें.