ॲटिक उपसताना

शिकागोच्या उपनगरांत साठ-सत्तर वर्षांपूर्वीची लाकडी घरं आजही धडधाकट उभी आहेत. त्यांचं खरं वय कळतं ते ॲटिकमध्ये, छपराखालच्या माळ्यावर. आमच्याही ॲटिकमध्ये मधल्या आढ्याखाली तेवढं जेमतेम उभं राहता येतं. खाली तुळयांच्या मधल्या गाळ्यांत जुनं गुलाबी फायबरग्लास, आणि त्यावर आधीच्या कुणा मालकाने मारलेला राखाडी सेल्युलोजचा थर. सेल्युलोज म्हणजे रद्दीच्या वर्तमानपत्रांचा भुगा, आग लागू नये म्हणून बोरेट मिसळलेला. निरखून पाहिलं तर त्यात छापील अक्षरांचे तुकडे सापडतात.

इन्सुलेशन जुनं झालं एवढ्यावरून ते काढायचं नसतं. कोरडं, स्वच्छ असेल तर त्यावरच नवा थर टाकतात. भिजलेलं, जळलेलं किंवा उंदरांनी नासवलेलं असेल तरच उपसायचं. आमच्याकडे उंदीर होते, आणि हिवाळ्यात छपरावरचा बर्फ घरातल्या उबेने वितळून पन्हळीपाशी पुन्हा गोठायचा. त्यामागे तुंबलेलं पाणी भिंतीत उतरायचं.

म्हणून उपसायचं ठरलं. कामाच्या आधी कंत्राटदाराच्या मुकादमाने वर जाऊन टॉर्च फिरवला तो एकाच गोष्टीसाठी : चंदेरी-तपकिरी, खड्यांसारखे सुटे दाणे कुठे आहेत का? ते व्हर्मिक्युलाइट. १९१९ ते १९९० या काळात अमेरिकेत विकल्या गेलेल्या व्हर्मिक्युलाइटपैकी ७० टक्क्यांहून अधिक मोंटानातल्या लिबी गावाजवळच्या एकाच खाणीतून आलं आणि त्यातलं बरंचसं ‘झोनोलाइट’ या नावाने घराघरांत पोचलं. त्या खाणीत ॲस्बेस्टॉसही होतं. म्हणून इथलं पर्यावरण खातं सांगतं की असे दाणे दिसले तर त्यात ॲस्बेस्टॉस आहे असंच धरून चाला आणि ते हलवूही नका. मग ते काम ॲस्बेस्टॉसचा परवाना असलेल्यांचं. आमच्याकडे दाणे निघाले नाहीत.

मग तयारी. दारापासून कपाटातल्या, ॲटिकमध्ये उघडणाऱ्या झडपेपर्यंत प्लॅस्टिक अंथरलं. धूळ नळ्यांतून खोल्यांत ओढली जाऊ नये म्हणून हीटिंग बंद केलं. ड्राइव्हवेवर इंजिनवर चालणारा भलामोठा व्हॅक्यूम, त्याचा सहा इंची पाइप खिडकीतून वर, आणि दुसऱ्या टोकाला माणूस मावेल एवढी पिशवी. पांढरे झगे आणि रेस्पिरेटर चढवून दोघं वर गेले. पाय फक्त तुळयांवर किंवा त्यांवर टाकलेल्या फळ्यांवर. मधे आहे तो नुसता ड्रायवॉल. पाय घसरला तर खालच्या बेडरूमच्या छतातून तंगडी बाहेर येणार.

दिवाळीच्या आवराआवरीत आपण माळा झाडतो तसा इथे झाडू मारायचा नाही. उंदरांच्या सुक्या लेंड्या झाडल्या की त्यांची धूळ हवेत उडते, आणि तिच्यातून हँटाव्हायरस पसरू शकतो. म्हणून त्या जागांवर एक भाग ब्लीच, नऊ भाग पाणी फवारून पाच मिनिटं भिजू दिलं, मग पुसून पिशवीत भरलं. भुगा पाइपने खेचला. फायबरग्लासच्या गाद्यांनी पाइप तुंबतो, म्हणून त्या हाताने गुंडाळून पिशव्यांत गेल्या.

गाद्या उचलताना त्यांच्या पोटाला काळे पट्टे दिसले. मला वाटलं बुरशी. मुकादम म्हणाला, “जिथे काळं, तिथे भोक.” फायबरग्लास धूळ गाळतं, हवा अडवत नाही. घरातली ऊबदार हवा वर चढते, वायरी, पाण्याचे नळ, दिव्यांचे डबे यांच्या भोवतालच्या फटींतून निसटते, आणि जाताना धूळ गादीत सोडून जाते. आमचा बर्फ वितळवणारी हीच हवा. तिच्यावर कितीही जाड थर घातला असता तरी ती वाट काढत राहिली असती.

बारीक धूळ हेपा फिल्टरच्या व्हॅक्यूमने ओढल्यावर उघड्या पडलेल्या फटी बुजवायला उपसण्याहून जास्त वेळ लागला. लहान फटींत फोम. चिमणीभोवती फोम चालत नाही, तो पेटतो. तिथे पत्रा आणि आगीला टिकणारं सीलंट. बाथरूमच्या पंख्याची नळी ॲटिकमध्येच संपत होती आणि सगळी वाफ तिथे सोडत होती; ती छपराबाहेर नेली. पाव इंचाच्या भोकातूनही उंदीर शिरतो, म्हणून बाहेरच्या फटींना पोलादी जाळी ठोकली. वळचणीची हवा अडू नये म्हणून कडेला आतून हवेची वाट मोकळी ठेवणाऱ्या पट्ट्या बसवल्या, आणि मग कुठे नवं सेल्युलोज आलं, सोळा इंच. इंचाला साधारण साडेतीन धरले तर आर-व्हॅल्यू, म्हणजे उष्णता अडवण्याचं माप, ५५च्या आसपास जाते. थंड प्रदेशात ४९ ते ६० लागते.

आता देखभाल म्हणजे ऋतू बदलताना झडप उघडून टॉर्च मारणं : ओल, नव्या लेंड्या, दबलेली जागा. सामान वर ठेवत नाही. खोक्याखाली थर दबतो आणि तेवढी ऊब कमी होते. घर नवं-जुनं कसंही असो, कुणी अशा कामाचं अंदाजपत्रक घेऊन आलं तर ‘काढणे’ आणि ‘भरणे’ या दोन ओळींच्या मधे काय लिहिलंय ते आधी पाहावं. मधे काहीच नसेल तर तो कागद परत करावा.