घरची तूर, मुलांचे ताट

यवतमाळ जिल्ह्यात कापसाच्या ओळींत तूर घेण्याची रीत आहे. ज्वारीच्या प्रथिनात लायसिन हा घटक कमी असतो. तुरीचे वरण ती उणीव भरून काढते. १९७५ साली सुरू झालेल्या योजनेतील अंगणवाडी सहा वर्षांखालील बालकांस पूरक आहार देते. मुख्य आहार मात्र घरचाच होय.

शेवग्याच्या पाल्यातील लोह लिंबाच्या रसाने अधिक अंगी लागते. पाला निवडणे, ओल्या शेंगा सोलणे ही कामे मुलांकडून करवावीत. आपल्या हातची भाजी मूल सहसा नाकारीत नाही. विळी व चूल मोठ्यांनीच सांभाळावी. भाजी चिरण्यापूर्वी धुवावी. ती शिजविलेले पाणी टाकू नये.

ग्रामकार्यकर्त्यांनी हे प्रात्यक्षिकाने दाखवावे. शेतकऱ्यांनी सर्व तूर बाजारात न नेता वर्षभराच्या वरणापुरती प्रथम घरी राखावी.